गावात गटशेती चालू करायलेत, सामील व्हावं का आपली आपण केलेली बरी?

औसेकर_हडपसर

राम राम मंडळी. गाव औसा तालुक्यात (लातूर), मी नोकरीला पुण्यात, गावाकडं वडील आणि धाकटा भाऊ शेती बघतात. सात एकर आहे, त्यातलं चार-साडेचार चांगलं काळं रान, बाकीचं मुरमाड, विहीर आहे पण चुलत्यात सामाईक. पीक दरवर्षीचं ठरलेलं, सोयाबीन त्यात तुरीचे तास, पाणी राहिलं तर हरभरा.

तर आता गावातल्या पोरांनी बावीस घरं मिळून शंभर एकराचा गट करायचं काढलंय. त्यातही दोन पार्ट्या आहेत. एकीचं म्हणणं बांध मोडून सगळं रान एक करू, एकच पेरा, एकच खर्च, आणि शेवटी एकराप्रमाणे नफा वाटून घेऊ. दुसरी म्हणतीय रान ज्याचं त्यानं करा पण खत-बियाणं, पेरणी यंत्र आणि माल विकणं एकत्र, पुढं जमलं तर शेतकरी कंपनी काढू. भाऊ पहिल्या पार्टीत आहे, एकदम जोशात. वडील म्हणतात इथं दोन भावांचं एका बांधावरून जमंना अन् हे बावीस घरं एकत्र नांदवायलेत.

सात एकरात ट्रॅक्टरचं भाडं, फवारणी, काढणी, मळणी सगळं धरून हातात काय उरतं ते सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळं काहीतरी करायला पाहिजे हे पटतंय. पण कुणी प्रत्यक्ष गटात राहिलंय किंवा गटातून बाहेर पडलंय अशांनी सांगा. सातबाऱ्यावर काही फरक पडतो का, आणि उद्या नाही जमलं तर रान जसंच्या तसं परत मिळतं का हे पण. यूट्यूबचे व्हिडिओ बघून झालेत, त्यात सगळेच करोडपती आहेत.

मळ्यातला_मिरज

वडील बरोबर आहेत भावा. रान एक करायचं डोक्यातून काढा आधी.

आमच्याकडं लोक सहकार म्हटलं की साखर कारखाना डोळ्यापुढं आणतात आणि म्हणतात बघा पश्चिम महाराष्ट्र कसा पुढं गेला. प्रवरेला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना उभा केला, तिथनं हे सगळं चालू झालं, मान्य. पण त्यात शेती कुठं एकत्र होती? ऊस ज्याचा त्याच्या रानात, ज्याच्या त्याच्या खर्चानं. एकत्र काय तर गाळप. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, तुझ्या नावावर टन पडलं, विषय संपला. कोण सकाळी लवकर उठला आणि कोण चावडीवर बसला याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

आणि सहकार आहे म्हणून सगळं गोड आहे असं पण नाही हां. मी सभासद आहे एका कारखान्याचा (नाव घेत नाही), आजोबांच्या वेळचा शेअर आहे, तरी तोड यायला तेरा-चौदा महिने लागतात कधीकधी, टोळीवाल्याला खुशाली द्या, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री द्या, आणि बिल कायद्यानं १४ दिवसात यायला पाहिजे ते येतं त्यांच्या सवडीनं. बोर्डात कोण बसणार ते दोन घरातच ठरतं. पण तरीसुद्धा उद्या कारखानाच नसता तर गुऱ्हाळवाल्यानं आम्हाला नागवलं असतं हे पण तितकंच खरं.

भोकरदनचा_गडी

आमचा सोळा जणांचा गट आहे, आत्मामधनं (कृषी खात्याची शेतकरी गटांची योजना) नोंदवलेला, अजून चालू आहे म्हणून बोलतो. लांबलचक लिहितोय, वाचा सावकाश.

तुम्ही म्हणता ती शंभर एकर आणि वीस शेतकरी ही अट २०१७ च्या गटशेती योजनेतली, एक कोटीपर्यंत अनुदान होतं तिच्यात, तेव्हापासनं गावोगाव तोच आकडा डोक्यात बसलाय. अनुदानासाठी गट करायचा असेल तर करूच नका, ती माणसं पहिला हप्ता आला नाही की मीटिंगला यायची बंद होतात.

आता तुमच्या दोन पार्ट्यांचं. आमच्या शेजारच्या गावानं रान एक करून बघितलं. पेरणीपर्यंत फोटो, हार, तहसीलदार सगळं झालं. खुरपणीला मोडलं. कारण खुरपणीचं माप नाही ना! एका घरातनं दोन बाया येतात आणि पात धरून खाली मान घालून जातात, दुसऱ्या घरातनं म्हातारी येते आणि बांधावर बसून सल्ले देते, आणि तिसरा म्हणतो माझं रान पाच एकर गेलंय त्यात, मी कशाला येऊ कामाला, मजूर लावा. मग मजूर लावले तर खर्च एकट्यानं केला असता त्याच्यापेक्षा जास्त, कारण सगळ्यांच्या रानावर कुणाचंच लक्ष नाही. त्यात ज्याचं काळं रान तो म्हणतो माझ्यात एकरी दहा क्विंटल होतात, मुरमाडवाल्याला माझ्याइतका वाटा का? तुमच्या सात एकरातच दोन जातीची रानं आहेत, बावीस घरात किती असतील बघा.

म्हणून मी काय बघतो, जे काम मापता येतं ते एकत्र करा आणि जे मापता येत नाही ते ज्याचं त्यानं. दूध डेअरी का चालते, तर म्हैस ज्याची त्याच्या गोठ्यात आणि फॅट मशीन सगळ्यांना एकच. बियाण्याची बॅग मोजता येते, खताचं पोतं मोजता येतं, यंत्रानं किती एकर पेरलं ते मोजता येतं, काट्यावर किती पोती चढली ते मोजता येतं.

आमच्यात एकत्र काय काय आहे सांगतो. बियाणं घरचंच ठेवतो, उन्हाळ्यात सगळ्यांच्या सोयाबीनची उगवण एकाच दिवशी तपासतो, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, सत्तरच्या खाली ज्याचं उगवलं त्याचं बियाणं बाद, त्यानं गटातल्याच दुसऱ्याचं घ्यायचं. खत एकदम गाडी भरून. आणि बीबीएफ यंत्र एक, रुंद वाफे पाडत पेरणारं.

या यंत्रावरनं सगळ्यात जास्त भांडणं झाली ते ऐका, कारण तुमच्यात पण हेच होणार. कृषीवाले सांगतात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. म्हणजे तोपर्यंत सगळे दम खाऊन बसलेले, आणि एकदा वापसा (पेरण्याजोगी ओल) आला की सगळ्यांना पुढच्या दोन-तीन दिवसात पेरायचं असतं, परत पाऊस लागला तर बसा बोंबलत. यंत्र एक, दिवसाला फार तर दहा-बारा एकर. पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या, तर ज्याची पहिली चिठ्ठी त्याचं काळं रान अजून चिखल, यंत्र जातंय कुठं, आणि ज्याचा शेवटचा नंबर त्याचं हलकं रान वाळून चाललंय. मग शेवटी नंबर माणसाला लावायचाच बंद केला, रानाला लावला. आधी सगळ्यांची मुरमाडं, मग मध्यम, मग काळी. प्रत्येकाचं थोडंथोडं दोन्हीकडं असतंच त्यामुळं कुणी पूर्ण पुढं नाही की कुणी पूर्ण मागं नाही. तेव्हापासनं त्याच्यावरनं आवाज नाही.

सातबाऱ्याला गटानं काही होत नाही, नाव तसंच राहतं. पण बांध मात्र अजिबात मोडू देऊ नका, उद्या वेगळं व्हायचं म्हटलं तर मोजणी आणावी लागते आणि मोजणीत भावकी उठते हे काय सांगायला पाहिजे.

मळ्यातला_मिरज

मुरमाड आधी, काळं नंतर. हे भारीच केलं की राव!

वर्ध्याची_माय

भाऊ लोकांनो तुमचं सगळं बरोबर आहे पण तुम्ही सगळे सातबारावाले बोलून राहिले. ज्याच्याजवळ रानच नाही त्याचं काय?

आमचा बायांचा बचत गट आहे, त्यातल्या आठ जणी मिळून आम्ही तीन एकर मक्त्यानं (भाड्यानं) घेतो, भाजीपाला करतो. एकटीला कोणी मक्त्यानं देत नाही, आधी पैसे मागते आणि वरून विचारते मालक (नवरा) कुठं आहे तुझा. आठ जणी गेलो तर देते. आता यात काम मापत नाही म्हणाल तर आम्ही हजेरी लिहितो, येईल तिची रोजी, नाही आली तर दुसरी पाठवायची नाहीतर तेवढे पैसे कापायचे, भांडण होते नाही असं नाही, पण आठ जणीत होते ते मिटते, बावीस घरात मिटणार नाही हे मला पण पटते. आणि आमच्यात कोणाचं रान काळं कोणाचं मुरमाड हा सवालच नाही ना, रान तिसऱ्याचंच आहे.

केरळात कुटुंबश्री या सरकारी बचत गट योजनेतल्या बाया हेच करतात, छोटे छोटे गट करून पडीक रान भाड्यानं घेतात, तिथं हजारो गट आहेत. तिथल्यासारखं पंचायत मागं उभी राहिली तर आपल्याकडं पण होईल. आमच्याकडं सरपंच फक्त आठ मार्चला येते.

मळ्यातला_मिरज

ताई, खरंय तुमचं. माझ्याच तालुक्यातलं म्हैसाळ मी विसरून कसं चालेल. तिथं मधुकर देवलांनी १९६९ च्या सुमाराला दलित कुटुंबांची विठ्ठल संयुक्त सहकारी शेती सोसायटी उभी केली. नावावर रानं होती पण गहाण पडलेली, माणसं स्वतःच्याच रानात मजूर. ती सोडवून एकत्र कसायला घेतली. तिथं रान एक करूनच मार्ग निघाला, कारण एकेकट्याच्या तुकड्यावर ना बँक कर्ज देत होती ना पाणी नेता येत होतं. शिवाय देवलांसारखा माणूस तिथं मांडी घालून बसला होता, तसा प्रत्येक गावाला कुठनं आणायचा.

जुना_मास्तर

रान एक करण्याची कल्पना नवीन नाही. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठरावच झाला होता, नेहरूंचा आग्रह होता. चरणसिंगांनी तिथंच उभं राहून विरोध केला, त्याच वर्षी राजाजींचा ‘स्वतंत्र पक्ष’ निघाला त्यामागं हेही एक कारण. पुढं सोसायट्या कागदावर बऱ्याच निघाल्या. चीनमध्ये तर कम्यूनची (सगळी रानं एकत्र कसायची) सक्तीच होती, शेवटी १९७८ मध्ये अनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या अठरा घरांनी रात्री गुपचूप कागद करून रानं वाटून घेतली आणि नंतर सरकारनंच तो रस्ता धरला. आणि इस्रायलचे दाखले देणाऱ्यांसाठी, तिथल्याही बहुतेक किबुत्झांनी (सामुदायिक शेतीच्या वस्त्यांनी) १९८० च्या दशकातल्या कर्जानंतर सगळ्यांना सारखा वाटा सोडून वेगवेगळे पगार चालू केलेत.

भोकरदनचा_गडी

मास्तर, पण मग एकट्यानं तरी किती दिवस रेटायचं? राज्यात सरासरी धारणा १९७०-७१ ला सव्वाचार हेक्टर होती ती २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आली. अजून एक वाटणी झाली की ट्रॅक्टर वळवायला जागा राहायची नाही.

पांझराकाठ

धुळ्याकडचा आहे, साक्री तालुका. आमच्याकडं याच्यातला मधला रस्ता फार जुना आहे, फड. पांझरेवर बंधारे, त्याचा पाट, आणि पाटाखालचं सगळं रान चार फडात वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी ऊस म्हणजे ऊस, दुसऱ्यात भुसार, एखादा पडीक, आणि वर्षाला फिरायचं. तुझं रान तुझंच, नांगर तुझा, पीक तुझं, पण काय पेरायचं ते फड ठरवणार आणि पाणी किती ते पाटकरी देणार. राखणीला जागल्या, त्याच्यावर हवालदार. कुणाला रात्री उठून दारं धरायला जायची गरज नाही. दोन-तीनशे वर्षं हे कुठल्या रजिस्टर ऑफिसशिवाय चाललं. आता मोटारी आल्या, वर धरणं झाली, ज्याला त्याला स्वतःची बोअर पाहिजे, बऱ्याच ठिकाणी मोडलं.

मी सांगतो पाण्यावर एकत्र या, बाकी आपोआप येतं. नाशकात ओझरला वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्थाच वाटतात, पाणीपट्टी पण तेच गोळा करतात, जाऊन बघून या.

निफाडची_बाग

मी द्राक्षवाला त्यामुळं आमचं गणित वेगळं आहे पण एक मुद्दा टाकतो. एकत्र विकायचं म्हटलं की एकत्र नियम पाळावे लागतात, आणि आपल्या लोकांना विकायला एकत्र यायचं असतं, नियम पाळायला नाही. २०१० ला युरोपात क्लोरमेक्वॅट या औषधाचा अंश सापडला म्हणून आपले कंटेनर अडकले, ते औषध कुणी मारलं आणि कुणी नाही असं तिकडं कोण बघतं, भारताची द्राक्षं म्हणून सगळ्यांचीच अडकली. त्यानंतर इथं मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली, विलास शिंदेंनी. तिथं पण बाग प्रत्येकाची स्वतःची आहे. पण फवारणी कधी, कुठली, काढणीच्या आधी किती दिवस बंद, हे ठरलेलं, आणि नाही पाळलं तर माल परत.

सोयाबीनला एवढं नसतं, तरी ओल आहेच की. नाफेडला (सरकारसाठी हमीभावानं खरेदी करणारी संस्था) जास्तीत जास्त बारा टक्के लागते. तुमच्या बावीसपैकी दोघांनी सतरा टक्क्यांचा माल घुसवला तर अख्खी गाडी अडणार, आणि तेव्हा त्या दोघांना नाही म्हणायला कोण पुढं येणार? तो माणूस आधी ठरवा. बहुतेक वेळा ते दोघं सरपंचाचे पाहुणे असतात.

ताळेबंद_परभणी

शेतकरी कंपनीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मी सीएच्या ऑफिसात आहे, आमच्याकडं अशा बऱ्याच कंपन्यांच्या फायली येतात आणि त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या असतात, फक्त मालकांना ते अजून कळलेलं नसतं.

२००२ मध्ये कायद्यात ही सोय झाली. दहा शेतकरी जमले की कंपनी निघते, कमीत कमी पाच संचालक, एका माणसाला एक मत, शेअर कितीही असो. हे सहकारासारखंच, वर सहकार खात्याचा साहेब येऊन प्रशासक नेमत नाही हा फायदा. २०२० च्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेत बसायला मैदानी भागात तीनशे सभासद लागायचे, मग तीन वर्षांत व्यवस्थापनाला अठरा लाखांपर्यंत मिळायचे.

आता दुसरी बाजू. पूर्णवेळ सीईओ कायद्यानंच ठेवावा लागतो, त्याचा पगार कुठनं देणार ते बघा. दरवर्षी ऑडिट, सर्वसाधारण सभा, आणि आरओसीला (कंपनी निबंधकाला) दोन फॉर्म. उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. काही पोरं उत्साहात कंपनी काढतात, एक वर्ष धंदा होत नाही, त्यांना वाटतं काही केलंच नाही तर भरायचं कशाला, आणि दोन वर्षांनी दंडच लाख-दीड लाखाच्या घरात जातो. बावीस जणांच्या सोयाबीनवर हे परवडत नाही, सरळ सांगतो. आत्माचा गट करा, बँकेत गटाचं खातं काढा, दोघांच्या सह्या ठेवा. उलाढाल वाढली, आजूबाजूची पाच-सहा गावं आली, मग कंपनीचं बोला.

औसेकर_हडपसर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी गावाकडं जाऊन आलो. भावाला भोकरदनच्या भाऊंची पोस्ट वाचून दाखवली, खुरपणीचं ऐकून गप्प बसला, मग म्हणाला आपल्या गावात असं होणार नाही. वडील नुसतं हसले. बैठकीत पहिल्या पार्टीनं थोडी खळखळ केली पण बांध मोडायचं नाही असं ठरलंय, निदान यंदा. बियाणं, खत, एक बीबीएफ आणि विक्री एवढंच एकत्र. पाण्याचा विषय काढला तर तिघं उठूनच गेले त्यामुळं पांझराकाठचे दादा, ते नंतर.

मोंढ्यात सोयाबीनचा भाव हमीभावाच्या (२०२५-२६ ला क्विंटलला ५३२८ रुपये) खालीच राहतो, म्हणून नाफेडला गटानं घालायचं म्हणतायत सगळे. त्याला नोंदणी गटाच्या नावानं करायची का ज्याची त्यानं? आणि यंत्र कुणाच्या नावावर घ्यायचं यावर अडलंय, एक जण म्हणतोय माझ्या नावावर घ्या, ट्रॅक्टर माझाच आहे.

भोकरदनचा_गडी

नोंदणी ज्याची त्यानं, स्वतःच्या सातबाऱ्यावर, त्यावर पिकाची नोंद लागते. म्हणजे ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पीकनोंद) प्रत्येकानं आपापल्या रानात उभं राहून करायची, एकानं सगळ्यांची करतो म्हणून मोबाईल गोळा केले तर ऐनवेळी निम्म्यांचं पीक सातबाऱ्यावर दिसत नाही. एकत्र फक्त चाळणी, वाळवण आणि गाडी करा. ओल मोजायचं मशीन गटानं एक विकत घ्या, काट्यावर जायच्या आधी गावातच कळतं, निफाडवाल्यांनी सांगितलेलं भांडण तिथंच मिटतं.

यंत्र गटाच्या नावावर, बिल गटाच्या खात्यातनं. ट्रॅक्टरवाल्याला एकराचं भाडं ठरवून द्या आणि ते सगळ्यांना सारखंच, त्याच्या स्वतःच्या रानाला सुद्धा वहीत तेवढंच लिहायचं. तो नको म्हणाला तर दुसरा ट्रॅक्टर बघा, पण यंत्र त्याच्या नावावर अजिबात घेऊ नका.

ताळेबंद_परभणी

आणि बाहेर पडणाऱ्याला यंत्रातले पैसे परत किती आणि कधी, हे पहिल्याच ठरावात लिहा. दरवर्षी दहा-पंधरा टक्के घसारा (वापरानं उतरणारी किंमत) धरून उरेल त्यातला वाटा, आणि तो पण हंगाम संपल्यावर, मधेच नाही. बावीसच्या बावीस सह्या घ्या त्यावर, घरातल्या बाईची पण घ्या जमलं तर.